मंजिरीसाठी लहानसं पिस्तूल

चार मराठी घरं एका गावात जमली, की किस्से घडायला वेगळं काही करावं लागत नाही. चहा ठेवला की पुरे! अ‍ॅरिझोनातलं आमचं चँडलर तसं झोपाळू गाव. कॉम्प्युटर चिपच्या कंपन्या, निवडुंग आणि ऊन. पण दर शनिवारी कुणाच्या तरी घरी चहा होतो आणि एक तरी किस्सा पदरात पडतो. मी ते साठवतो. त्यातले निम्मे चारचौघांत सांगण्यासारखे नसतात, आणि उरलेल्या निम्म्यांत काय चाललंय हे मला शेवटपर्यंत कळलेलं नसतं.

या वर्षीचे सगळे किस्से एकाच गोष्टीचे आहेत. मंजिरीच्या पिस्तुलाचे.

*

आधी मंजिरी. शिरीषची बायको, शिक्षणाने फिजिओथेरपिस्ट. शिरीषच्या व्हिसावर इथे आली आणि कामाची परवानगी नाही म्हणून कित्येक वर्षं घरी बसली. चिडायची, रडायची, मग आमच्या सगळ्यांच्या पाठी-माना फुकटात दुरुस्त करायची. शेवटी ग्रीन कार्ड आलं. बाईने इथली परीक्षा दिली आणि एका क्लिनिकमध्ये नोकरी मिळवली. पहिल्या दिवशी स्क्रब्ज घालून, म्हणजे तो दवाखान्यातला सैल सदरा-पायजमा घालून, ती आमच्याकडे पेढे द्यायला आली होती. इतकी खूश मंजिरी मी कधी पाहिली नव्हती.

क्लिनिक संध्याकाळी बंद होतं आणि गाड्या मागच्या अंगाला लावतात. तिथे एक काळा पिकअप ट्रक उभा राहायला लागला. इंजिन चालू, आत एक माणूस, आणि तो बघत बसायचा. एकदा तो उतरून तिच्या मागे चालत आला. मंजिरी धावत गाडीत बसली. डबा तिथेच पडला.

पोलिसांना कळवलं. त्यांनी ऐकून घेतलं, एकदोनदा चक्कर मारली. त्या दिवशी अर्थातच पिकअप नव्हता!

शिरीष म्हणाला, "एक तर पिस्तूल घे, नाही तर नोकरी सोड."

मंजिरी म्हणाली, "मग पिस्तूल."

झालं! त्या शनिवारपासून आमच्या चहाची चव बदलली.

*

आमच्यात एक प्रशांत आहे. नागपूरचा. त्याला कुठलीही वस्तू घ्यायची नसली तरी तिचा अभ्यास करायला आवडतो. माझा प्रेशर कुकर घेताना त्याने मला शिट्टीच्या वजनावर तासभर व्याख्यान दिलं होतं. आता त्याने पिस्तुलांचे व्हिडिओ बघायचा सपाटा लावला.

"हे बघ यार," पोह्याची प्लेट बाजूला सारत तो म्हणाला. "एक छोटं, खिशात मावणारं. त्यात गोळ्या कमी. दुसरं थोडं जाड, गोळ्या जास्त, पण कपड्यातून दिसतं. तिसरं रिव्हॉल्व्हर. ते अडकत नाही, पण त्याचा ट्रिगर लय जड."

"मग कुठलं चांगलं?" शिरीषने विचारलं.

"तसं नसते ना! छोटं पायजे, पण फार छोटं नको. हलकं पायजे, पण जड असलं तर बरं. समजून राहिला ना?"

आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मला एक अक्षर समजलं नव्हतं. शिरीषकडे पाहिलं, त्यालाही समजलं नव्हतं. चर्चा पुढे सहा शनिवार चालली. माझी बायको वैशाली म्हणाली, "आपल्या लग्नाच्या वेळी तुम्ही एवढी चौकशी केली नव्हती!"

मंजिरी तेवढी गप्प असायची. तिला कुणी काही विचारतही नव्हतं.

*

जूनमध्ये शिरीषचे वडील सांगलीहून आले. गणिताचे निवृत्त मास्तर. अ‍ॅरिझोनात ऐन उन्हाळ्यात मुद्दाम येणारा हा एकमेव माणूस असावा. आल्या आल्या त्यांना कळलं, की सुनेसाठी पिस्तूल बघताहेत. आम्हाला वाटलं, काका आकांडतांडव करणार. काका म्हणाले, "बघायला मीही येतो."

तर असे आम्ही पाच जण दुकानात. काउंटरमागे दाढीवाला धिप्पाड माणूस. शिरीषने सर्वांत लहान पिस्तूल मागितलं. दाढीवाल्याने ते उघडून, रिकामं आहे हे दाखवून, पुढे ठेवलं. तळहातात मावेल एवढंसं, गोंडस दिसत होतं.

"वरचा भाग मागे ओढा," तो म्हणाला. त्याला स्लाइड म्हणतात.

शिरीषने ओढला. हलेना. दात-ओठ खाऊन ओढला. तरी हलेना. मंजिरीने त्याच्या हातातून घेतलं आणि खट्‌कन मागे!

"दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते मी," ती म्हणाली.

मग दाढीवाल्याने जे सांगितलं त्याने आमचा सहा शनिवारांचा अभ्यास पाण्यात गेला. पिस्तूल जेवढं लहान, तेवढी स्प्रिंग कडक, तेवढा हाताला धक्का जास्त आणि तेवढा नेम धरणं कठीण! बाळगायला लहान बरं, झाडायला मोठं बरं.

काकांनी शिरीषला भाषांतर करायला लावलं. "त्याला विचार, तो स्वतः कुठलं वापरतो?"

दाढीवाल्याने सदऱ्याची कड उचलून दाखवलं. त्याच्या कमरेला चांगलं हातभर धूड होतं.

"मग आम्हाला हे खेळणं का दाखवतोय?"

"कारण तुम्ही लहान मागितलं!" दाढीवाला म्हणाला.

एवढ्यात आमचे तज्ज्ञ पुढे सरसावले. प्रशांतने काचेखालच्या दुसऱ्या पिस्तुलाची सगळी कुंडली इंग्रजीत मांडली. दाढीवाला खूश झाला. "तुला घ्यायचंय का? सिटिझन की ग्रीन कार्ड?"

"वर्क व्हिसा," प्रशांत म्हणाला.

दाढीवाल्याने मान हलवली. वर्क व्हिसावाल्याला सहसा पिस्तूल विकत घेता येत नाही आणि जवळ बाळगताही येत नाही, असा इथला कायदा. हे सोडून बाकी सगळं आमच्या प्रशांतला माहीत होतं!

"मग तू फक्त बघ," दाढीवाला प्रेमाने म्हणाला.

मीही वर्क व्हिसावरच. मी दोन्ही हात खिशात घातले आणि बाहेर पडेपर्यंत काढले नाहीत.

शेवटी मंजिरीनेच ठरवलं. मधल्या आकाराचं घेतलं. इथे ते लपवून बाळगायला परमिट लागत नाही, तरी तिने हट्टाने क्लास केला, रेंजवर जाऊन नेम शिकली. पिस्तुलाची पेटी तिच्या ताब्यात. पेटीचा कोड फक्त तिलाच माहीत.

*

आमच्याकडे नवी वस्तू आली, की तिला कुंकू लागतं. फ्रिजला लागतं, गाडीला लागतं. काकांच्या राज्यात तर कुंकू लागल्याशिवाय मिक्सरसुद्धा फिरत नाही.

पाट मांडला. पाटावर पिस्तूल. रिकामं, स्लाइड मागे ओढून उघडं ठेवलेलं, कारण क्लासमध्ये तसंच ठेवायला शिकवलं होतं. काकांनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं आणि सवयीने चिमूटभर अक्षता टाकल्या.

मंजिरीने स्लाइड पुढे सोडली. कर्र! अर्ध्यावर अडकली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दाढीवाला. त्याने भिंग लावलं, चिमटा घातला आणि एक दाणा काढून उजेडात धरला. मग दुसरा. दाणे कुंकवाने लाल झालेले.

"हा तांदूळ आहे का?" त्याने विचारलं.

शिरीष म्हणाला, "नाही, म्हणजे हो. ब्लेसिंग आहे."

दाढीवाल्याने दोन्ही दाणे जपून शिरीषच्या तळहातावर ठेवले. "पुढच्या वेळी ब्लेसिंग बाहेरून द्या," तो म्हणाला.

*

आता मोठा प्रश्न आला. ठेवायचं कुठे?

चँडलरच्या उन्हात जॅकेट घालणारा माणूस दिसला, की त्याचाच आधी संशय येतो. तेव्हा जॅकेट बाद. क्लिनिकमध्ये स्क्रब्ज, त्यांना नाडी. मंजिरीने कमरेला पिस्तूल खोचून घरात चालून पाहिलं. चार पावलांत पायजमा खाली यायला लागला! शेवटी एका हाताने पायजमा आणि दुसऱ्या हाताने भिंत धरून बाई सोफ्यापर्यंत पोचली.

"नऊवारी नेस," काका म्हणाले. "ओच्यात काहीही मावतं."

"बाबा, मी नऊवारीत लोकांचे गुडघे कसे वाकवू?"

मग पर्स. मंजिरीची पर्स म्हणजे पिशवीच, कप्प्यांत कप्पे. शिरीष म्हणाला, "आपण रिहर्सल करू. खऱ्या पिस्तुलाऐवजी रिमोट ठेव. समज, मी चोर. आलो! काढ!"

मंजिरीने हात घातला. चष्म्याची डबी निघाली. मग खाकऱ्याचं पाकीट. मग दुसरा चष्मा. मग कुणाच्या तरी मुंजीतली सुपारी.

"थांब हं जरा," ती चोराला म्हणाली.

काका म्हणाले, "चहा टाका रे चोरासाठी!"

आम्ही हसून लोळलो. मंजिरीही हसली, पण लवकर थांबली. सोमवारी तिला पुन्हा त्याच पार्किंगमध्ये जायचं होतं. आम्हाला नाही.

*

गणपतीत प्रशांतने नवी कल्पना काढली. साडीच्या आत बांधायचा एक पट्टा त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिला होता. पिस्तुलाला हात लावायचा नाही हे त्याला आता पाठ झालेलं. म्हणून त्याने पट्ट्यात खलबत्त्यातला बत्ता घातला. वजन साधारण तेवढंच, म्हणे. मंजिरीने नाही म्हटलं. मग चाचणी वैशालीवर.

आरती सुरू झाली. वैशाली टाळ्या वाजवत होती. ऐन रंगात बत्ता सुटला आणि घरंगळत थेट पुरोहितांच्या पायाशी!

पुरोहित म्हणजे आमच्यातलेच, शनिवार-रविवार पूजा सांगतात. त्यांनी बत्ता उचलला, वैशालीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "घरी सगळं ठीक आहे ना?" त्यांनी मला विचारलं.

त्यानंतर पट्टा बरा की पर्स, यावर शिरीष आणि प्रशांत अक्षरशः भांडले. मंजिरी मोदक खात बसली होती. भांडण ऐकून गालातल्या गालात हसत होती. का हसतेय, मला कळलं नाही.

*

आणि आता लिंडा.

लिंडा मंजिरीच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर बसते. साठी उलटलेली, उंच, पायात काउबॉयचे बूट, जन्म इथल्याच गुरांच्या रँचवरचा. पिस्तूल घेतलं तेव्हा मंजिरीने तिला सांगितलं होतं. तेव्हापासून लिंडा म्हणायला लागली, "आपण दोघी बरोबरच निघत जाऊ." रोज संध्याकाळी दोघी गप्पा मारत गाड्यांपर्यंत जायच्या. आधी एक बसायची, मग दुसरी.

प्रशांतने लगेच निदान केलं. "अ‍ॅरिझोनाची बाई, रँचवर वाढलेली. तिच्यापाशी दोन तरी असतीलच बे!"

पिकअप नंतर एकदा दिसला, गल्लीच्या तोंडाशी. दोघी बोलत बोलत त्याच्यासमोरून गेल्या. मग तो दिसलाच नाही.

दसरा आला. आमच्याकडे सगळे सण शनिवारीच येतात, तसा हाही आला. आणि दसरा म्हणजे शस्त्रपूजन. दरवर्षी आम्ही पाटावर लॅपटॉप ठेवतो, कारण आमचं दुसरं शस्त्र काय! मंजिरी घरी बसली होती त्या वर्षांत तिने एकदा पाटावर झारा ठेवला होता. "माझ्याकडे हेच आहे," म्हणाली होती. कुणी हसलं नव्हतं.

या वर्षी तिने लिंडालाही जेवायला बोलावलं होतं. लिंडा सोफ्यावर बसून श्रीखंड-पुरी खात होती आणि श्रीखंडाला योगर्ट म्हणत होती. काकांनी पाट मांडला, लॅपटॉपांची चळत बाजूला सारून मधोमध जागा केली. "या वर्षी घरात खरं शस्त्र आहे. अक्षता मी बाहेरूनच टाकेन. आणा!"

शिरीष पेटी घेऊन आला. मंजिरीने कोड घातला. झाकण उघडलं.

पेटी रिकामी!

"चोरी!" शिरीष ओरडला.

"चोरी नाही," मंजिरी म्हणाली. "मी दुकानात परत दिलं. ऑगस्टमध्येच."

"ऑगस्टमध्ये?" प्रशांतचा आवाज चिरकला. "आणि गणपतीत आम्ही भांडून राहिलो होतो ते?"

"कमरेला राहत नाही. पर्समध्ये सापडत नाही. घरात असलं की मला झोप लागत नाही. आणि बरोबर लिंडा असते की! तिच्याकडे आहे."

सगळ्यांच्या माना लिंडाकडे वळल्या. तिला मराठी कळेना, पण सगळे आपल्याकडेच बघताहेत म्हटल्यावर तिने चमचा खाली ठेवला. मंजिरीने तिला सगळं इंग्रजीत सांगितलं.

लिंडाचा चेहरा पांढरा पडला.

"माझ्याकडे?" ती म्हणाली. "हनी, मी जन्मात कधी पिस्तूल बाळगलं नाही. मला वाटलं, तुझ्याकडे आहे! त्या पिकअपला मी तुझ्याही आधीपासून घाबरत होते. म्हणून तर मी रोज तुझ्यासाठी थांबायचे!"

मंजिरी तिच्याकडे बघत राहिली. लिंडा मंजिरीकडे बघत राहिली. मी शिरीषकडे पाहिलं, त्याने प्रशांतकडे.

काका हळदकुंकवाचं ताट घेऊन पाटापाशी उभे होते. "मग शस्त्र कुठाय?" त्यांनी विचारलं.

शिरीषने रिकामी पेटी त्यांच्यापुढे धरली.

काकांनी पेटीत डोकावून पाहिलं. मग ते सोफ्याकडे गेले. आधी मंजिरीला कुंकू लावलं, मग लिंडाला. ताटात अक्षता होत्या. एरवी चिमूटभर वाहणारा माणूस, त्या दिवशी त्याने मूठ भरून टाकल्या.