शिंपीणबाईंचे डोसे

शिंपीणबाईंची नजर गेली, तेव्हा घरच्यांनी आधी शिलाई मशीन झाकून ठेवलं आणि मग स्वयंपाकघरही त्यांना बंद केलं. सून वाईट नव्हती. पण बाईंनी विळी घेतली की ती म्हणायची, "राहू द्या हो आई, मी करते," आणि भाजी काढून न्यायची. नवरा तर पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून द्यायचा. जन्मभर लोकांना मापात कपडे शिवून दिलेल्या बाईंचा जीव त्या मायेत घुसमटायला लागला.

एके सकाळी त्यांनी जाहीर केलं, "मी इडली-डोसे शिकणार. डाळ भिजवण्यापासून."

"पण आई, ते आपल्या घरात कुणालाच येत नाही!"

"म्हणूनच. माझ्या हातातून काढून घ्यायला कुणी येणार नाही."

समोरच्या घरातली नर्स दक्षिणेकडची. बाईंनी तिला गाठलं आणि सरळ अट घातली, "तू फक्त बोलायचं. हात लावलास तर बघ!"

डाळ आणि तांदूळ वेगवेगळे भिजले. डाळ मिक्सरमधून काढल्यावर बाई अडल्या. नीट वाटली गेलीय हे कळावं कसं? नर्स म्हणाली, "पाण्यात थोडी सोडा आणि वरून बोट फिरवा. तरंगली पाहिजे." पहिल्यांदा बोटाला नुसतं पाणी लागलं. बाईंनी डाळ पुन्हा फिरवली. मग पाण्यावर डुलणारा हलका गोळा बोटाला लागला, आणि त्या स्वतःशीच हसल्या. डाळ-तांदळाचं पीठ एकत्र करून रात्रभर ठेवलं; ते आंबलं की नाही, ते मात्र नाकानेच सांगितलं.

तरी पहिल्या इडल्या दगड झाल्या.

"डोक्यात मारली तर खोक पडेल," नवरा म्हणाला.

"मग निमूट खा. नाहीतर मारूनच बघते."

इडली जमली. डोशाने मात्र घात केला. तव्याचा अंदाज चुकला आणि मनगट चांगलंच भाजलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी शेगडी लावली तर पेटेना. नवऱ्याने सिलिंडरवरचा रेग्युलेटरच काढून ठेवला होता.

बाई ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दारातच बसल्या.

"दाढी करताना तुम्हाला कितीदा कापलं! मी कधी वस्तरा लपवला?"

"तुझी गोष्ट वेगळी आहे."

"डोळे गेलेत माझे. अक्कल नाही. रेग्युलेटर बसवा, नाहीतर आज या दारातून कुणी आत जाणार नाही."

दुपार झाली. पोटात कावळे ओरडायला लागले तसा नवरा मुकाट्याने उठला आणि रेग्युलेटर बसवून आला.

मग बाई तव्याशी कानाने बोलायला शिकल्या. पाण्याचा शिंतोडा चटचट वाजून उडाला की पीठ घालायचं, वाटीच्या बुडाने मधून बाहेर पसरायचं. ओल्या पिठाची चरचर मंदावली की कडेने उलथनं सारायचं. किती डोसे फाटले, किती करपले! फाटलेले त्या स्वतः खात, कारण कुणी कीव करून खाल्लेले त्यांना नको होते.

पुढे एकदा नणंद राहायला आली. बाई तव्यापाशी उभ्या दिसताच तिने गळा काढला, "अगं बाई! बिचारीला कशाला उभं केलंत?"

बाईंनी डोसा उलटला. खालची बाजू खरपूस झाली होती, वासावरून कळतच होतं.

"बिचारी कोण इथे? भूक तुम्हाला लागलीय. ताट घ्या आणि बसा."

नणंद बसली. दुसरा डोसा तिने स्वतःच मागितला.