डाव्या इंजिनाचा बारीक आवाज

आमच्या ह्यांना धक्क्यावर सगळे कानसेन म्हणतात. बोट अजून लांब असतानाच तिच्या इंजिनाचं काय बिनसलंय ते हे सांगायचे, म्हणून. लग्न होऊन आले तेव्हा मला त्याचं कोण कौतुक होतं! आता गुडघे कुरकुरतात आणि कौतुकही जुनं झालं.

ह्यांच्या हाताखाली माणूस टिकत नाही, कारण ह्यांचं तोंड. त्यामुळे गेली काही वर्षं हाताखालचा माणूस मीच आहे. पाना द्यायचा, टॉर्च धरायचा, बटण दाबायचं आणि वर बोलणी खायची. दुरुस्तीची शेड बंद करून आमच्याकडे या, असं लेक कधीची म्हणतेय. आमच्यासाठी तिने खोलीसुद्धा तयार ठेवलीय, खिडकीशी खाट टाकून. हे त्या विषयाला फाटे फोडायचे. पण पलीकडच्या काठावर माणसं नेणारी एक बोट त्याच तक्रारीसाठी परत आली, तेव्हा जेवताना म्हणाले, "ही या खेपेला नाही सुधारली, तर टाळं लावू आणि पोरीकडे जाऊ." मी ताटातून मान वर केली नाही. माझा आनंद दिसला असता.

तक्रार तशी साधी. बोटीला मागे दोन इंजिनं आणि प्रत्येकाला तेलाच्या दाबाने उचलणारी एकेक छोटी मोटर. उथळ पाण्यात बटण दाबलं की दोन्ही इंजिनं बरोबरीने वर यायला हवीत. उजवं शहाण्यासारखं उठायचं. डावं रडतखडत अर्ध्यावर यायचं आणि तिथेच बसकण मारायचं. मग बोट एका अंगाला कलायची, आणि माणसं घाबरून सरकली की आणखी गोंधळ.

आधीच्या खेपेला ह्यांनी डावीकडचा रिले, म्हणजे मोटरला करंट सोडणारी डबी, बदलून दिला होता. या खेपेला उजवीकडचा रिले डावीकडे लावून पाहिला. खोड तशीच. मग सकाळपासून वायरींच्या मागे लागले. गंजलेले जोड कापून नवे केले, बॅटरीची टोकं घासली. "मोटर चालते आणि मध्येच बंद पडते," हे म्हणायचे. "करंट तुटतोय कुठेतरी." दुपार कलली तरी तुटलेलं काही सापडेना. मी सुकाणूपाशी बसून बटण दाबत होते, हे मागे वाकून इंजिनाला कान लावून.

"दाब." दाबलं. "सोड." सोडलं. आमच्या संसारातलं निम्मं बोलणं एवढंच.

"दाब परत... बघ, पडली की नाही बंद?"

माझा अंगठा अजून बटणावरच होता. डावं इंजिन अर्ध्यात अडकलं होतं, पण मोटर बंद नव्हती. डासासारखी बारीक कुणकुण चालू होती. सकाळपासून मी ती ऐकत होते, आणि ह्यांनाही येतेच आहे असं धरून चालले होते. मी अंगठा उचलला, कुणकुण थांबली. पुन्हा दाबला, सुरू झाली. ह्यांचा कान तिच्यापासून वीतभर अंतरावर, आणि चेहऱ्यावर काही नाही. उजवीकडची मोटर जाड आवाजात घरघरते, ती ह्यांना कळते. बारीक आवाज पोचतच नव्हता. घरी दाराची बेल वाजली की हे ढिम्म बसून राहतात आणि मी आळशी म्हणून खडसावते, ते आठवून मला कसंसंच झालं.

तरी मी गप्प बसले. वेगळं काही करावंही लागणार नव्हतं मला, नुसतं दाबायचं आणि सोडायचं आणि संध्याकाळ होऊ द्यायची. मग शेडला टाळं. दमले होते हो मी. पाठ धरली होती, हातांना तेलाचा वास कायमचा चिकटलाय. ह्यांचंही यातच भलं आहे, अशी मनाची समजूतही घालून झाली.

तेवढ्यात हे बोटीच्या कडेला टेकले. हातातली वायर खाली ठेवली. "जमत नाही आता मला," म्हणाले. चिडून नाही. चिडलेलं मी ह्यांना जन्मभर पाहिलंय, त्याची सवय आहे. हे मवाळ बोलणं मला ऐकवेना.

"मोटर चालू आहे हो," मी बटण दाबून धरत म्हणाले.

"काय?"

"बंद पडत नाही ती. इंजिन थांबतं, पण मोटर बारीक आवाजात वाजत राहते. आत्ताही वाजतेय."

ह्यांनी मोटरवर तळहात ठेवला. थरथर लागली असणार, कारण चेहरा एकदम उतरला. आता ओरडतील, आधी का नाही बोललीस म्हणून, असं मला वाटलं. ओरडले नाहीत.

"बारीक म्हणजे रिकामी फिरतेय," हात न उचलता म्हणाले. "आत तेल नाही. हवा ओढतेय."

तेल बघायचं तर इंजिन पूर्ण वर हवं, आणि ते तर अर्ध्यात अडकलेलं. म्हणून तेलाचं बघणं राहूनच गेलं होतं. आता दाब सोडणारा बाजूचा स्क्रू ढिला करून आम्ही दोघांनी ते साखळीच्या कप्पीने वर ओढलं, कण्हत कण्हत. तेलाचं झाकण उघडलं तर तेल पार तळाला, आणि झाकणाची रबरी रिंग चिरलेली. रिंग बदलली, तेल भरलं, स्क्रू आवळला. मग हवा निघून जाईपर्यंत इंजिन वर-खाली, वर-खाली. दर वेळी हे माझ्याकडे बघायचे आणि मी सांगायचे, "अजून बारीक आहे." शेवटी म्हटलं, "झाला जाड." दोन्ही इंजिनं बरोबरीने उठली.

बोटवाला आला, एक फेरी मारून खूश झाला. इंजिनं चालूच होती आणि हे पाठमोरे वाकून हत्यारं पुसत होते. "काका, माझी दुसरी बोटही आता तुमच्याकडेच," तो म्हणाला. "पूर्ण हंगाम बघाल ना?"

हे पुसत राहिले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान नकारार्थी हलवली असती तरी भागलं असतं. ह्यांना कळलंही नसतं.

"आणून लावा," मी म्हणाले. "आम्ही दोघं बघतो."