अणुप्रकल्पाचं गाऱ्हाणं

"मॅडम, तुम्ही फक्त एवढंच सांगायचं. कायदा मजबूत आहे, अपघात झाला तर सगळी भरपाई मिळेल." गाडीतून उतरता उतरता तालुकाध्यक्षांनी मला बजावलं.

मी रत्नागिरीच्या कोर्टात अपघाताचे क्लेम चालवते. तेव्हा अध्यक्षांच्या पक्षाच्या लीगल पॅनलवरही होते. दिल्लीत अणुअपघाताच्या लायबिलिटीवरून, म्हणजे नुकसान कोणी भरून द्यायचं यावरून, खडाजंगी चालू होती. इकडे किनाऱ्यावरच्या या गावाने प्रकल्पाला पाठिंब्याचा ठराव करावा म्हणून अध्यक्ष जिवाचं रान करत होते.

सभा देवळात होती. गाव खूश व्हावं म्हणून अध्यक्षांनीच आधी गाऱ्हाणं घालायला सांगितलं. तिथेच ते फसले. गाऱ्हाणं म्हणजे गावाने देवापुढे मांडलेलं म्हणणं. त्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकदा म्हटलं की शब्द बांधला गेला. माझ्या घरी बुद्धवंदना होते, गाऱ्हाण्याशी माझा संबंध नाही. पण शपथेवर दिलेलं अ‍ॅफिडेव्हिट काय असतं ते मला कळतं.

गाऱ्हाणं घालायचा मान दामूअण्णांचा. हातात नारळ घेऊन ते माझ्याकडे वळले.

"वकीलबाई, आदी सांगा. नुसकानी कोन भरनार?"

अध्यक्षांनी मला डोळ्याने खुणावलं. माझं डोकंच फिरलं. एका पक्षकारालाही मी कधी खोटी आशा लावली नाही, इथे तर अख्खं गाव बसलं होतं.

मी सरळ सांगितलं. चूक कोणाचीही असो, भरपाई प्रकल्प चालवणाऱ्याने द्यायची. पण तिला मर्यादा आहे. त्यावर सरकार देणार, तेही मर्यादेतच. यंत्र बनवणारी कंपनी तुमच्यासमोर येतच नाही. चालवणाऱ्याने नंतर तिच्याकडून वसूल करायचं की नाही, यावरच दिल्लीत भांडण आहे. कंपन्यांना तेवढंही नको आहे.

"पॅनलवर राहायचंय ना?" अध्यक्ष कानाशी पुटपुटले.

"काढून टाका," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "मी यातला एक शब्दही मागे घेणार नाही."

दामूअण्णांनी नारळ वर धरला. "बा देवा म्हाराजा, जो कोन यंत्र बनवील, जो चालवील, नि जो कायदा करील, तेनी आमची सगली नुसकानी भरावी. मर्यादा लावू नये, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" देऊळ दणाणलं.

अध्यक्षांनी व्हय म्हटलं नव्हतं. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. ते शेजारच्याच गावचे. गाऱ्हाण्याला गप्प राहण्याचा अर्थ त्यांना कोणी सांगायला नको होता. त्यांनी रुमालाने मान पुसली. म्हणाले, हा विषय वरच्या पातळीवरचा आहे.

दामूअण्णांनी नारळ फोडला नाही. तो अध्यक्षांच्या हातात ठेवला. "वरच्यांचा व्हकार घिवन या. मंग फोडू."

ठराव झाला नाही. पॅनलवरून माझं नाव गेलं, त्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही. भरपाईचा कायदा समजायला वकील लागतो. भरपाई द्यायची कोणाची इच्छा नाही, हे समजायला वकील लागत नाही.