महसुलाचा पेपर

एम.ए.ला मी लोकप्रशासन घेतलं होतं. दुसऱ्या वर्षासाठी एक खास विषय निवडायचा होता, महसूल प्रशासन किंवा स्थानिक स्वराज्य. फॉर्म घेऊन मी भाटघरजवळच्या आमच्या गावी आलो. आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "महसूल घे. आपलं सगळं त्यातच अडाकलंय."

त्यांचं खरं होतं. गावाचं टपाल भोरच्या कचेरीत पोचवायचं हे आमचं पिढीजात काम, त्याबदल्यात वतनाची जमीन. कायद्यानं वतनं गेली, जमीन सरकारजमा झाली. जमीन पुन्हा नावावर करून घ्यायची तर मुदतीत अर्ज द्यायला हवा होता.

पण महसूल म्हटलं की मला त्याच कचेरीच्या पायरीपाशी वहाणा हातात घेऊन उभे असलेले आबा दिसायचे. पोरसवदा कारकून त्यांना 'ए' म्हणून हाक मारायचा. त्या कागदांचं तोंड बघायचं नाही हे मी शाळेत असतानाच ठरवलं होतं. पुण्यात जाऊन स्थानिक स्वराज्यावर खूण केली आणि घरी सांगितलं, महसूल घेतला. एवढ्याशा खोट्यानं कुणाचं काय बिघडतंय, असं वाटलं. गाढव होतो, दुसरं काय.

परीक्षा देऊन घरी आलो तेव्हा आबांनी पत्र्याच्या पेटीतून अर्ज काढला. कोराच होता. तलाठी भरून द्यायला तयार होता, पण आबांनीच नको म्हटलं होतं.

"त्येला म्हनलं, माजं पोरगं ह्येच शिकतंय. त्येच्या हातानं भरीन."

दुसऱ्या दिवशी भोरला गेलो. मुदत दिवाळीतच संपली होती. कारकुनानं अर्ज हातातसुद्धा घेतला नाही. सरपंचाचे अधिकार मला तोंडपाठ होते, पण ते इथं कामाचे नव्हते. आबांशेजारी नुसता उभा राहिलो.

एस.टी. स्टँडवर आलो. आबांनी विचारलं, "मुदतीचं तुज्या बुकात न्हवतं व्हय रं?"

"न्हवतं, आबा."

"मग तुजा काय दोष," असं म्हणून त्यांनी माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली.

गाडी लागली होती. मी त्यांच्या मागून चढलो. आबा गेले तोवर मला त्यांना खरं सांगता आलं नाही.