डिस्कला कुंकू

"सापडलं तरच ठेवलं," असं बाई म्हणायच्या. दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर मला विचारायच्या, "मामा, सांगा एखादा जुना प्लॉट." मी तोंडाला येईल तो नंबर सांगायचो. त्या प्लॉटची, म्हंजे चाचणीच्या शेततुकड्याची, नोंद बाई डिस्कमधून काढून पडद्यावर आणायच्या. निघाली की मान हलवायच्या. कौतुक न्हाई, हसणं न्हाई. नुसती मान.

तुम्ही बी अशी माणसं पाह्यली असतील, कुलूप लावल्यावर ओढून पाहणारी. आमच्या बाई स्वतः ओढायच्या आणि वरून दुसऱ्याला म्हणायच्या, आता तुम्ही ओढा.

जालन्याजवळ एका बियाण्याच्या कंपनीत मी गोदाम सांभाळायचो. शाळा चौथीपर्यंत. पण माझ्या हयातीत एक पोतं इकडचं तिकडं झालं न्हाई. हे मलाच सांगावं लागतं, दुसरं कोणी सांगत न्हाई. गोदामाच्या कोपऱ्यात पत्र्याची खोली करून तिथं सर्व्हर बसवला आणि त्याच्यावर बाईंना नेमलं. बाई टेंभुर्णीच्या, शेतकऱ्याच्या घरच्या, माझ्या मुलीपेक्षा लहान. नोकरी कंत्राटी. त्यांचं ऐकायचं म्हंजे मला जडच जायचं.

रोजच्या नोंदींची प्रत ठेवायला नवी डिस्क आली तेव्हा मी म्हणलं, "ही तर विटेएवढी. ह्याच्यात काय मावणार?"

"तुमचं सगळं गोदाम मावतं मामा, पोती सोडून."

डिस्क कोरी करायच्या आधी त्यांनी तिच्यावरचा नंबर मला मोठ्यानं वाचायला लावला आणि पडद्यावरच्या नंबराशी जुळवला. तीनदा. मी चिडलो. "एकदा वाचलं ना! आकडे येतात मला."

"मला येत न्हाईत असं समजा," बाई म्हणल्या. "चुकून दुसरी डिस्क पुसली तर कपाशीच्या सगळ्या चाचण्या गेल्या."

त्या मशीनवर लिनक्स चालायचं. चित्र न्हाई, काही न्हाई, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. बाईंनी तिथं एक फोल्डर केला आणि डिस्क त्याला जोडली. मी बघत राह्यलो होतो, म्हणून सांगितलं, "मामा, फोल्डर म्हणजे गोदामाचा फलक. डिस्क म्हणजे गोदाम. गोदाम जोडलेलं नसलं तरी फलक तिथंच दिसतो. माल मग फलकाखाली, अंगणातच पडतो." अंगण म्हंजे सर्व्हरची स्वतःची जागा. मला बराबर कळलं. कळून काय उपयोग झाला ते आता सांगतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही हत्यारं पूजतो. वजनकाटा, दाभण, पोती ओढायचा गाडा, सगळ्याला हळद-कुंकू. बाई वडलांच्या दुखण्यासाठी गावी गेल्त्या. मला वाटलं, सगळ्या नोंदी जिच्यात, तीच बिनपूजेची राहावी का? मी मशीन बंद केली, डिस्क काढली, पाटावर मांडली, कुंकू लावलं, झेंडू वाहिला. मशीन परत चालू केली आणि मंग डिस्क लावली. हिरवा दिवा लागला. माझ्या हिशोबानं काम झालं.

दिवा लागला होता, पण डिस्क फोल्डरला जोडली गेली नव्हती. रोजचा माल, म्हंजे नोंदींची प्रत, अंगणात पडत राह्यला. वेचणी ऐन भरात होती. अंगण भरलं, नव्या नोंदींना जागा उरली न्हाई आणि चार दिवसांची वजनं, कोणत्या प्लॉटला किती कापूस आला ती, टायपून बी कुठंच राह्यली न्हाईत. त्या हंगामाची तुलना वाया गेली.

साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. बाईंनी डिस्क हातात घेतली. कुंकू खाचेत बसलं होतं. त्यांनी माझ्याकडं पाह्यलं, ओढणीच्या टोकानं कुंकू पुसलं.

"कोणी हात लावला होता हिला?" साहेबांनी विचारलं.

मी तिथंच उभा होतो. खोटं बोललो न्हाई. बोललोच न्हाई.

"चूक माझी आहे साहेब," बाई म्हणल्या. "डिस्क जोडलेली नसेल तर प्रत घेणं थांबलं पाहिजे. ती अट मी घातली नव्हती."

ती अट त्यांनी त्याच दुपारी घातली. मंग गोदामात आल्या. "मामा, पूजा करा. पण जागेवर करा, उचलून न्हाई." एवढंच. कंत्राट संपलं, साहेबांनी पुढं वाढवलं न्हाई. जाताना बाई माझ्या पाया पडल्या. मी आशीर्वाद दिला. ते बी धकलं मला.

नंतर मी बी घरी बसलो. गुडघे गेले, झोप गेली. एका सकाळी टेंभुर्णीची बस धरली. घर विचारत विचारत गेलो. बाईंचे वडील ओट्यावर बसले होते, माझ्याच वयाचे. बाई पुण्याला कामाला गेल्त्या.

"तुम्ही तिथलेच का?" म्हाताऱ्यानं विचारलं. "पोरगी हुशार हो आमची. पण तिथं चुकली. माझ्या दुखण्यात तिचं ध्यान राह्यलं न्हाई. म्हंजे माझ्यामुळंच गेलं की तिचं काम."

हे मला ठाऊक नव्हतं. बाईंनी घरी बी तेच सांगितलं होतं, आणि हा माणूस ते आपल्या अंगावर घेऊन बसला होता.

"डिस्क मी उपटल्ती," मी म्हणलं. "पूजेला. साहेबानं विचारलं तवा मी गप राह्यलो."

म्हातारा उठला. मंग आतून फोन आणला, पोरीचा नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "तिला सांगा."

फोन वाजत राह्यला. तिनं उचलला न्हाई. कामात असेल. मी फोन परत दिला, चपला शोधायला लागलो.

"बसा," म्हातारा म्हणला. "ती करती उलटून फोन."

मी बसलो.