पाच झकू, नाल

सन चोपन्न. मी अकरा वर्षांचा, चौथीत. मंचरहून पायी तासाभरावर आमचं गाव. शाळा मारुतीच्या देवळात भरायची. आबांनी, म्हणजे वडलांनी, आधीच सांगून ठेवलं होतं, "दिपोटीनं पास केलं तर मंचरला पाचवीला जा. न्हाई तर इहिरीवर मोट धर." दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. पास-नापास त्यांच्या हातात.

मला पाढे येत नव्हते. मारूनही आले नाहीत.

त्या साली नवे गुरुजी आले, तरणे, सासवडकडचे. एकदा मधल्या सुट्टीत आमचा विटीदांडू बघत उभे राहिले. विटी पडेल तिथून गलीपर्यंत, म्हणजे विटी कोलायच्या खळीपर्यंत, आम्ही दांडूनं मोजत यायचो. वकट, लेंड, मुंड, नाल, आरी, वेद, झकू. सातवा झकू, की पुन्हा वकट.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तेच शब्द.

"काल एकमेकांना पिदवलंत ना? आज साताला पिदवायचं," गुरुजी म्हणाले. "तीन झकू आणि मुंड. किती दांडू झाले रे?"

"चोवीस!" मीच ओरडलो.

"बरोब्बर. आणि पन्नास दांडू म्हणजे?"

"सात झकू, वकट."

"अरे, हा तर भागाकार झाला!"

असा मला भागाकार आला. पोरं मला झकूमास्तर म्हणायला लागली. मी म्हणू दिलं. गणिताचे शब्दच ते, अशी आमची सगळ्यांची समजूत. पुस्तकातले शब्द नंतर शिकवू, असं गुरुजींच्या मनात असेल. तेवढ्यात दिपोटी आले.

पाटलाच्या घरची खुर्ची आणली होती. साहेब तीवर बसले, मला उभं केलं.

"एकोणचाळीस आंबे सात मुलांना सारखे वाटले. सांग."

"पाच झकू, नाल."

"काय?"

"पाच झकू, नाल."

मागं पोरं हसली नाहीत. उत्तर बरोबर होतं, हसायचं कशाला? साहेब मात्र हसले. "गुरुजी, शाळा चालवता की विटीदांडूचा अड्डा?"

गुरुजी हळूच म्हणाले, "बाळ, प्रत्येकाला किती, उरले किती, असं सांग."

मी त्यांच्याकडं बघितलं. इतके दिवस हेच बरोब्बर होतं. "सांगितलं की," मी म्हणालो, आणि पुढं तोंड उघडलं नाही. साहेबांनी वाट बघितली आणि नापास केलं.

मला काहीच वाटलं नाही. रडू नाही, राग नाही. दप्तर उचललं नि घरी आलो.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"नापास."

"बरं."

दिवेलागणीला गुरुजी घरी आले. आईनं चहा दिला. ते आबांना म्हणाले, "चूक माझी आहे. साहेब उद्या दुपारपर्यंत मंचरात आहेत. मी घेऊन जातो याला. पाच मिळाले, चार उरले, एवढं म्हणाला तरी पास करतील."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "जातोस का?"

"न्हाई."

"का रं?"

"माझं बरोबर व्हतं. गुरुजीच म्हनले व्हते."

गुरुजींनी कप बाजूला सारला. चहा तसाच राहिला. आबा म्हणाले, "राहू द्या गुरुजी. न्हाई म्हनला म्हंजे न्हाई." मग गुरुजी उठले, चपला घातल्या आणि गेले.

आता मी म्हातारा झालो. लोक म्हणतात, एवढं एक वाक्य बोलला असतास तर शिकला असतास. असेल. उत्तर बरोबर होतं, आजही बरोबर आहे.

गुरुजी येऊन गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी आबांनी माझ्या हातात आसूड दिला. मी बैल मागं सारले, मोट बुडाली, बैल हाकले, पाणी थारोळ्यात पडलं. पुन्हा मागं सारले. देवळाकडनं शाळेची घंटा ऐकू आली. उन्हं वर आल्यावर आबा पाण्याची दारं मोडता मोडता वाफ्यातनं ओरडले, "किती मोटा झाल्या रं?"

"मोजल्या न्हाईत," मी म्हणालो, आणि बैल मागं सारले.