त्या सकाळी मी रेडिओपाशी नव्हतो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायको होती तेव्हा तिलाही नाही — आणि ती तर माझ्या नुसत्या खाकरण्यावरून सगळं ओळखायची. आता ताडकळसच्या या घरात मी एकटाच असतो. पोरं पुण्याला, त्यांचा फोन रविवारी येतो. तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित म्हणूनच तुमच्याजवळ बोलता येईल. बघू.

मी शिक्षक होतो. भूगोल शिकवायचो. दर वर्षी चंद्राचा धडा आला की पुस्तक मिटून ठेवायचो आणि माझी गोष्ट सांगायचो. माणूस चंद्रावर उतरला तेव्हा मी शाळकरी होतो, पूर्णेला माझ्या दोस्ताच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. रात्रीची वेळ. अंगणात बाज टाकलेली, बाजेवर रेडिओ, वर पुनवेचा चंद्र. दोस्ताचे वडील रात्रपाळीला निघालेले — एक बूट पायात, एक हातात — तसेच थांबलेले. रेडिओतून खरखर, खरखर, आणि मग आवाज आला की उतरला! आणि आम्ही सगळ्यांनी एकदम वर बघितलं.

इथं वर्गातली सगळी डोकी पत्र्याकडे वर व्हायची. दर वर्षी. ते बघायला मला किती आवडायचं, काय सांगू?

मी त्या अंगणात नव्हतो. रात्रही नव्हती. पुनवही नव्हती. वडिलांचा बूट तेवढा खरा होता — पण तोही मी बघितलेला नव्हता.

एवढंच असतं तर हे लिहायला बसलो नसतो. बढाया कोण मारत नाही? आणि या गोष्टीत तर मी एकटा नव्हतो. आमच्या गावात आजही असे लोक आहेत जे छातीवर हात ठेवून सांगतात की ते चंद्रावरचं आम्ही टीव्हीवर बघितलं. कुठला टीव्ही? परभणीत तेव्हा टीव्ही होता कुठं? पण नंतर कधीतरी बघितलेली चित्रं मागं सरकतात आणि त्या दिवसाला जाऊन चिकटतात. कुणी सांगतो, त्या रात्री चंद्र हलताना दिसला. सहा वेळा माणसं तिथं उतरली, बारा जण चालून आले, हे विचारा — कुणाला ठाऊक नसतं. एकदाच झालं, दोघंच होते, संपलं. त्यांना खरंच तसं आठवतं. ते खोटं बोलत नाहीत.

मी बोलत होतो. मला सगळं नीट आठवत होतं.

तो दोस्त म्हणजे मन्मथ. त्याचे वडील पूर्णेच्या लोको शेडमध्ये फिटर. घरात सकाळी पूजा, कपाळाला भस्म, आणि कोनाड्यात रेडिओ — आमच्या वर्गात रेडिओ असलेलं ते एकच घर. मन्मथनं मला शनिवारीच सांगून ठेवलं होतं की रविवारी मुक्कामाला ये, सोमवारी सकाळी आपण मिळून ऐकू. मी निघालोही असतो. पण पाऊस उघडला होता, वापसा येऊन रान औताजोगं झालं होतं, आणि बापानं कोळपणीला धरलं. सोमवारी सकाळी मी बैलांच्या मागं होतो. दुपारची बस धरून पूर्णेला पोचलो तर मधली सुट्टी नुकतीच लागलेली. शाळेमागच्या लिंबाखाली मन्मथ माझी वाट बघत उभा. त्यानं दुसऱ्या कुणालाही सांगितलं नव्हतं — मला आधी सांगायचं म्हणून.

आणि मग त्यानं सांगितलं. सकाळचे साडेआठ. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. वडील ड्यूटीला निघाले होते, एक बूट घालायचा राहिला होता. इंग्रजी कुणाला कळत नव्हतं, पण वडील शेडमधल्या साहेबांचं ऐकून ऐकून थोडं समजायचे. ते एकदम म्हणाले, "उतरला रं. पाय टेकला." मन्मथ धावत बाहेर गेला चंद्र बघायला. बाहेर लख्ख ऊन आणि इंजिनांचा धूर. चंद्र नव्हताच. आईनं आतून विचारलं, "दिसला का रे?" आणि हा म्हणाला, "न्हाई, अजून उगवायचाय."

हे सांगताना तो हसत होता. मला त्याचा हेवा वाटला, असं म्हणू का? हेवा हा शब्द बरोबर आहे की नाही कोण जाणे. एवढंच कळलं की जगातली एवढी मोठी गोष्ट झाली आणि मी बैलांच्या मागं होतो.

त्याच आठवड्यात गावात, पारावर, मी ती माझी म्हणून सांगितली. म्हातारी माणसं तोंड उघडं टाकून ऐकत होती. सकाळची मात्र रंगेना — चंद्राची गोष्ट आणि आभाळात चंद्रच नाही? मग मी रात्र केली. पुढं पुनव केली.

मन्मथ रेल्वेत लागला, पॉइंट्समन. बदल्या होत होत पार लांब गेला. लग्नकार्याला भेटायचो तेवढंच. माझी ती गोष्ट त्याच्या कानावर कधी गेलीच नाही. निवृत्त होऊन तो पूर्णेला परत आला तेव्हा माझी बायको जाऊन वर्ष झालं होतं. मी आठवड्यातून दोनदा मोटारसायकल काढून त्याच्याकडे जायचो. शकुंतलावहिनी चहा ठेवायच्या. आम्ही दोघं ओट्यावर बसायचो, फारसं न बोलता. माझ्या आठवड्यात तेवढंच काय ते होतं.

एके दिवशी वहिनी बाजारात गेल्या होत्या. तो हळूच म्हणाला, "दत्ता, माझं डोकं ढिलं पडायलंय. काल दूध आणायला दोनदा गेलो. घरची गल्ली सापडंना गेली. तुला एकट्याला सांगायलोय — हिला बोलू नको."

मी नाही बोललो. तिला नाही बोललो.

आपलं यान चंद्रावर उतरलं त्या वर्षी आमच्या शाळेनं मांडव घालून कार्यक्रम ठेवला. मला पाहुणा म्हणून बोलावलं. मी मन्मथला बरोबर नेलं. का नेलं? तो होता त्या गोष्टीत, म्हणून? मिरवायला? की इतकी वर्षं सांगून सांगून मीच विसरलो होतो की ती त्याची आहे? नाही. विसरलो नव्हतो. हे मघाशीच सांगितलंय, आता मागं घेत नाही. मला वाटलं तो गप्प बसेल. तो कधी चारचौघांत बोलायचाच नाही.

मी गोष्ट सांगितली. बाज, रेडिओ, पुनव. टाळ्या पडल्या. मग सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माइक मन्मथपुढं धरला. "तुम्हीपण होतात ना काका? सांगा की."

तो उठला. आधी माझ्याकडे बघून हसला — चेष्टा केली की हसतो तसा. म्हणाला, "सर लय रंगवून सांगायलेत. रात्र नव्हती ओ. सकाळ होती, सोमवारची. आई भाकरी करायली होती. म्या चंद्र बघायला बाहेर पळालो तर नुसतं ऊन. आन् हा दत्ता —" तो अजून हसतच होता — "हा तर नव्हताच. हा दुपारच्या बशीनं आला."

मांडवात हसू पसरलं. माझ्याकडे बघून. माझे जुने विद्यार्थी होते, आता बाप झालेले, सरपंच होते. माझे कान तापले. तिथं मी काय करू शकत होतो? हसून म्हणायचं, "खरंय, चोरली मी." एवढंच. लोकांनी अजून टाळ्या दिल्या असत्या. मला तेव्हाही हे सुचलं होतं. सुचलं नव्हतं असं नाही.

मी माइक घेतला आणि म्हणालो, "माफ करा. मन्मथराव माझे जिवलग, पण आता वय झालंय. त्यांना हल्ली विसर पडतो. परवाच दुधाला दोनदा गेले होते."

हसू फिरलं. माझ्यावरून उठलं आणि त्याच्यावर जाऊन बसलं.

मन्मथ तसाच उभा होता. त्याचं हसू लगेच गेलं नाही, तोंडावर राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "व्हय का? रात्र होती का?" आणि मग लोकांना, "आसंल, आसंल. मला आजकाल उमगंना गेलंय." आणि खाली बसला. बसताना खुर्ची हातानं चाचपून बसला.

परतताना मोटारसायकलवर मागून त्यानं विचारलं, "दत्ता, खरं सांग. तू होतास?"

रस्त्यात दुसरं कुणी नव्हतं. दोन्ही बाजूंना सोयाबीन. ऐकणारं कुणीच नव्हतं.

मी म्हणालो, "होतो की."

तो म्हणाला, "मग माझं काही खरं न्हाई."

त्यानंतर तो कशावरच विश्वास ठेवीना. आधी चुकायचा ती गल्ली, सामान, तारीख. आता जुनंही विचारायला लागला. "शकू, आपलं लग्न चारठाण्यालाच झालं नव्हं?" "माझी आई उन्हाळ्यात गेली का पावसाळ्यात?" बरोबर सांगायचा आणि तरी विचारायचा. बाहेर जाणं बंद केलं. डॉक्टर म्हणाले, हा आजार वाढतच जातो. खरं असेल. डॉक्टरांना मांडवातलं ठाऊक नव्हतं.

एकदा वहिनी मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, येत जावा. त्यांचा तुमच्यावरच भरोसा हाय. माझं खरं वाटंना त्यांना, तुमचं वाटतंय."

मी जात राहिलो. शेवटी शेवटी तो लहान लेकरासारखा म्हणायचा, "ते चंद्रावरचं सांग." आणि मी सांगायचो. कुठलं सांगायचो, विचारू नका — तेच. बाज, रेडिओ, पुनव. तो पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकायचा. मी "उतरला" म्हटलं की वर बघायचा. एका दुपारी मी जरा थांबलो तर त्यानंच पुढचं सांगितलं, "पुनव होती." आईची भाकरी, ते ऊन, तो धूर — पुन्हा त्याच्या तोंडून आलं नाही.

गेल्या वर्षी तो गेला. लिंगायत ते, बसवून पुरतात त्यांच्यात. मीही मूठभर माती टाकली. ती सोमवारची सकाळ ठाऊक असलेला माणूस आता मी एकटाच, आणि मी तर शेतात होतो.

परवा वहिनींचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाल्या, "भावजी, एक विचारू का? शाळेच्या त्या कार्यक्रमाहून आले आन् हे बदललेच बघा. तिथं काही झालतं का?"

मी म्हणालो, "काही न्हाई, वहिनी. आजारच तसला."

"व्हय," त्या म्हणाल्या. "आजारच." आणि माझी तब्येत विचारली, जेवण वेळेवर करता का विचारलं, आणि फोन ठेवला.

आजार होता. पण त्या दिवशी, मांडवात, मन्मथचं डोकं शाबूत होतं.

माझंही होतं.